ल ते ह

ट्रे बाहेर येतो, डॉक्टरला जीभ दाखवावी तसा.
मी चकती ठेवतो, बोटानं आत ढकलतो.
गरगर सुरू होते
आणि माझा उजवा हात आपसूक
कूलंटचा कॉक चाचपतो.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर काढली,
फिरणाऱ्या गोल वस्तूसमोर
नुसतं बसून राहणं अजून जमत नाही.

नऊशे बारा सीड्या.
पगाराच्या शनिवारी एक, बोनसला चार,
आणि एकदा मालनच्या पाटलीतनं सव्वीस.
त्याबद्दल ती अजून बोलते,
बरोबर बोलते.

शेजारच्या प्रणालीनं सगळं जोडून दिलं.
"तात्या, हे मोबाईलवर फुकट हाय की,
कशाला जीव आटवालायसा?"
मी म्हटलं, तुझ्या मोबाईलवरची बागेश्री
सात मिनिटं बारा सेकंदांवर अडखळते का?
आमची अडखळते.
मेहुण्यानं भडंगाच्या बोटांनी धरली होती,
वर शर्टाला पुसली.
तेव्हापासून बाई तिथं धैवतावरून उडी मारतात
आणि थेट षड्जावर उतरतात.
वीस वर्षं मी ती तशीच गुणगुणलो,
मधला निषाद गिळून.

प्रोग्रॅम हट्टी.
ओरखड्यापाशी थांबतो, मागं येतो,
पुन्हा वाचतो, पुन्हा,
आमच्या गवंडी फोरमनसारखा,
एक शतांश चुकला की जॉब परत.
पावणेदोन तास गेले.
मग निषाद आला.
कोमल, जरासा रेंगाळलेला,
त्यामागनं पेटीवाल्याची दबकी "वा"सुद्धा.
इतकी वर्षं घरातच होता तो,
गाठ पडली नव्हती.

कांदा चिरता चिरता मालन म्हणाली,
"हे कुणाचं लावलंय? आपलं लावा की."

म्हणून दोन फायली केल्या.
एक बागेश्री.
दुसरी, दुरुस्ती बंद करून, बागेश्री घरची.

खालचे दोन कप्पे मात्र नाहीत.
एकोणीस साली जयंती नाला उलटा फिरला,
शाहूपुरीत आमच्या गल्लीत छातीभर पाणी,
आम्ही आठ दिवस मालनच्या भावाकडं, कळंब्याला.
मी रागांच्या नावानं लावल्या होत्या, अ पासून,
टूलरूममध्ये ड्रिल नंबरानं लावतात तशा.
मालन म्हणायची वेळेनं लावा,
पहाट वरती, मग खाली खाली.
तिचं ऐकलं असतं तर पुरानं रात्र नेली असती.
माझं ऐकलं, म्हणून गेलं
ललत, वसंत, शंकरा, सारंग, सोहनी, हमीर,
थोडी पहाट, थोडी दुपार, थोडी मध्यरात्र,
प्रत्येक प्रहराचा एकेक तुकडा.
तारेवर चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या.
चंदेरी पापुद्रा सुटून आला
आणि खालची काच-काच चकती
आरपार दिसायला लागली.
तीतनं मी समोरचं घर पाहिलं,
त्यांचं भिजलेलं गव्हाचं पोतं.

तरी फोल्डर केलेत. ल. व. श. स. ह.
प्रणाली म्हणते, रिकाम्याला जागा लागत नाही तात्या,
राहू देत.

खासगी बैठकींच्या सीड्या घातल्या
की पडद्यावर येतं: अज्ञात कलाकार.
असं कसं अज्ञात?
मी एका बोटानं टाईप करतो.
गायन, आक्काताई मुजावर, निपाणी.
तबला, बंडा गुरव, गारगोटी.
तंबोऱ्यावर त्यांची पुतणी.
तिचं नाव
त्या रात्री चहा देताना विचारायला हवं होतं.
कर्सर लुकलुकत राहतो.
पुतणी, असंच लिहितो.

अकरा वाजलेत. चारशे सत्तावन्न झाल्या.
माझा डावा कान मशीननं केव्हाच नेलाय,
म्हणून स्पीकर उजवीकडं.
ट्रे बाहेर येतो.
चकती कोमट,
चकमधून नुकत्याच उतरवलेल्या जॉबसारखी.
मी ती पुसतो, उजेडात धरतो,
काठावरून अंगठा फिरवून बघतो
कुठं धार राहिली नाही ना.