खटका

क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरचं गेम्सचं दुकान बंद पडलं
तेव्हा लिलावात चौदा बटणं घेतली,
साडेसहा पाउंड, आइस्क्रीमच्या डब्यासकट.
साबणाच्या पाण्यात भिजवली. सिगारेटचा पिवळेपणा
थोडा गेला, थोडा राहिला.
एका लाल बटणाला मधोमध खळगा,
कुणाच्या तरी बोटाने वर्षानुवर्षं घासलेला.
निहारला तेच हवं होतं. अंगठ्यापाशी नको, म्हणाला,
पहिल्या बोटाखाली.

दांडा मात्र नवा आणला.
उलटा करून दाखवला त्याला:
बघ, बुडाशी चार खटके.
कोपऱ्यात ढकललास तर दोन एकदम वाजतात.
आणि सोडून दिला तर?
तर काही नाही. स्प्रिंग त्याला मधे आणून उभा करते.
तो बराच वेळ सोडून बघत बसला.

त्याच्या आईत आणि माझ्यात उडायचे
तेही खटकेच. पण त्याचं मराठी अजून
तिथवर आलेलं नाही,
मीही घाई केली नाही.

खोक्याचं प्लायवूड जुन्या पलंगाचं.
माप दोघांचं होतं, पुष्कळ उरलं.

खरी कटकट पुढे.
सोमवार ते गुरुवार तो ग्रिम्सबीत, केतकीकडे:
तिथे पांढरं कन्सोल.
शुक्रवारपासून माझ्याकडे: काळं.
आणि ग्रॅहमचं जुनं, जे तो
त्या घरात राहायला येताना काखेत घेऊन आला.
तिघांची बोली वेगळी.
जुन्याला प्रत्येक बटणाची वेगळी तार लागते,
काळं सगळं एकाच तारेतून, रांगेत ऐकतं,
पांढरं आधी विचारतं, तू कोण?
आणि उत्तर पटलं नाही
तर आठ मिनिटं खेळू देऊन तोंड फिरवतं.

ग्रॅहमला मी कधी मेसेज केला नव्हता.
केला:
तुझ्या कन्सोलच्या मागे पिना किती, मोजशील का?
पंधरा मिनिटांनी फोटो.
नऊ. एक वाकली होती, सरळ केली आहे.
फोटोत मागे गालिचा, धुळीचा पुंजका,
आणि निहारचा एक निळा मोजा
जो मी दोन आठवडे माझ्याकडे शोधत होतो.

मग तीन मेलेले कंट्रोलर उघडले.
त्यांच्या हिरव्या पाट्या खोक्यात शेजारी शेजारी बसवल्या,
एकमेकींना टेकणार नाहीत इतक्या अंतरावर.
काळी वायर तेवढी सगळ्यांत सामाईक,
बटणाबटणाच्या पायाशी वळसे घेत गेलेली.
डाख देताना निहार श्वास रोखून धरायचा,
धूर नाकात जाऊ नये म्हणून की
हात हलू नये म्हणून, विचारलं नाही.
हात तर माझा होता.

जोडून लावलं, आणि
वर म्हटलं की माणूस खाली बसे.
दांडा वर ढकलला की दबतो तो खालचा खटका.
वीस वर्षं मशीन दुरुस्त करून पोट भरणारा मी
एवढं विसरलो!
निहार खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला.
चारही वायरी सोडवल्या, अदलाबदल केली.

बाजूला फिरवायचा स्विच, तीन खाचा.
त्याने चिकटपट्टीवर नावं लिहिली:
आई, बाबा, देवनागरीत, शिरोरेषा ओघळलेली.
तिसरं इंग्रजीत, ठसठशीत.

रविवारी सहा वाजता खोकं मागच्या सीटवर,
त्यालाही पट्टा लावला.
दार ग्रॅहमने उघडलं. दोन्ही हातांनी घेतलं खोकं,
जड आहे, म्हणाला,
आणि चौकटीला लागू नये म्हणून
तिरपा होऊन आत गेला.

गाडी सुरू केली नाही.
काच खाली केली. वरच्या खिडकीत उजेड हलू लागला,
पडद्यावर निळा, मग लाल.
घड्याळ बघत आठ मिनिटं थांबलो.
मग आणखी एक.