दंडाची फेरी

मी गेलो, मी आलो, असंच बोलतो आम्ही मुली इकडं.
औलीच्या शिबिरात त्यावरच पहिलं हसू झालं.
दुसरं, मी मूठभर बर्फ उचलून
त्याचा वास घेतला तेव्हा.

त्याआधी तीन वर्षं बर्फाशिवायच शिकलो.
पहाटे सव्वापाचला पन्हाळ्याचा चढ,
पायांखाली चाकांच्या पट्ट्या, हातांत काठ्या.
वाघबिळापाशी किटल्या घेऊन उतरणारा दूधवाला
रोज एकच विचारायचा,
"पोरी, सायकल घ्यायला पैसं न्हाईत व्हय घरात?"

मामा दूध संघाच्या शीतगृहात रात्रपाळीला.
लोण्याच्या खोक्यांमागं अर्धा तास बसवायचा,
मग बाहेर काढून म्हणायचा, आता दाब.
रिकामी बंदूक. चाप नुसता टक् करायचा.
बोट माझं आहे हे दिसायचं,
कळायचं नाही.

खेळ सांगायला सोपा आहे.
धाव. काळीज तोंडात आलं की थांब
आणि पन्नास मीटरवरचा काळा ठिपका पांढरा कर.
असे पाच. जितके काळे राहतील
तितक्या दीडशे मीटरच्या फेऱ्या,
बाकीच्या पुढं जात असताना तिथल्या तिथं गोल.
आई म्हणाली, म्हणजे घाण्याचा बैल की गं.
म्हटलं, हो, पण पाठीवर बंदूक घेतलेला.

अकरा हिवाळे.
त्यातला एक, ज्या गावाचं नाव
मला अजून नीट म्हणता येत नाही तिथला.
निवेदकालाही माझं आलं नाही,
वैजयंता मगदूमचे त्यानं तीन तुकडे केले.
वारा डावीकडून. उभ्यानं नेम.
पाचही पांढरे.
फेरीकडं वळणारी वाट सोडून सरळ गेलो,
झाडी लागल्यावर मोठ्यानं रडलो,
आणि तरी एक्क्याण्णव जणींत सत्त्याऐंशीवा नंबर.

तालमीनं मिरजकर तिकटीला फलक लावला.
वर माझा चेहरा, खाली
बर्फावर नाचणाऱ्या कुणा दुसरीचे पाय.
नारळ, शाल, पंधराशे रुपये.
एक बारकं पोरगं तेवढं पुढं आलं,
बर्फ कसा लागतो ओ?
नखाखाली दुखतो, म्हटलं.

आता सीपीआरमध्ये ईसीजी काढतो मी,
सकाळी आठ ते दोन.
गार जेल लावलं की म्हातारी माणसं दचकतात.
हलू नका, म्हणतो. श्वास सोडा.
कागदावर रेघ उठते, पडते,
मग जराशी सपाट जाते.
तेवढीच जागा असायची.

"काय दिसतंय, बाई?"
परवा गडहिंग्लजच्या एका आजोबांनी विचारलं.
डॉक्टर सांगतील, म्हटलं,
आणि टेबलाच्या कडेवर आवळलेलं बोट
हळूच सोडवून घेतलं.