पंचवीसचा कट्टा

पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजार.
माझी बोटं एवढंच गणित शिकली.
म्हणून हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर पंचवीस लिहिलं
तेव्हा मी म्हटलं, हा आकडा तर आपल्या घरचा.
त्या म्हणाल्या, पंचवीस नाही. आधी अर्धी.
दोन आठवडे अर्धी, मग दोन आठवडे एक.
त्याच्या पुढचं मी सांगेन, तुम्ही नाही.

शिरीषाला पहिला झटका कारखान्यातच आला,
विड्या जमा करायच्या रांगेत.
सूप उलटं, पानं, तंबाखू,
आणि माझी पोर फरशीवर.
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा.
अंबुबाईनं सगळ्यांना मागं सारलं,
तिला कुशीवर वळवलं
आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसली.

गोळी कापायला पान कापायची कात्रीच काढली,
उकळत्या पाण्यातून दोनदा.
तरी शिरीषा म्हणते, जिभेला तंबाखू लागते.
सूतवाल्या शेठजींच्या कॅलेंडरवर
अर्ध्या गोळीला अर्धा गोल,
अख्ख्या गोळीला अख्खा.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री, पुन्हा.
हे पहाटे मागावरून आले, केसांत सुताची पांढरी धूळ.
म्हणाले, एवढ्याशा कुटक्यानं काय होतंय?
दोन दे, तीन दे, एकदाचं मिटव की.
बाईंनी यांना मागाचं उदाहरण दिलं होतं,
वेग कसा हळूहळू वाढवायचा.
हे बाहेर येऊन हसले होते:
मागाचा वेग पुली ठरवते,
बटण दाबलं की पहिल्या धोट्यापासून धावतोय तो.

मला पान आठवलं.
संध्याकाळी भिजवायचं, ओल्या गोणपाटात रात्रभर निजवायचं,
घाई केली की कात्रीखाली तडकतं.
पण बोलले नाही.
खोटं कशाला सांगू, मीही पाकीट घेऊनच बसले होते,
अंगठा चांदीवर.

थांबले ती अंबुबाईच्या भाच्यामुळं.
त्याला कुणीतरी एकदम चढवली होती.
अंगभर पुरळ, ओठ सोललेले,
पंधरा दिवस सिव्हिलमध्ये, केळीच्या पानावर निजल्यासारखा.

सकाळी फोन केला.
बाई म्हणाल्या, विचारलंत ते बरं केलं.
ठरलेलीच द्या. आणि पुरळ दिसलं
तर लगेच घेऊन या, सोमवारची वाट नको.

मग सिरसिल्ल्याचं लग्न.
हळदीत, बसगाड्यांत, पाहुण्यांत
पाकीट राहिलं इथं, अशोक चौकातल्या खोलीत,
कोनाड्यात, आठ दिवस.
आल्या आल्या मी तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या,
जिथं सोडलं तिथून पुढं.
शिरीषाच म्हणाली, अम्मा, आधी विचार.

बाईंनी कॅलेंडर बघितलं. रिकामे आठ चौकोन.
पुन्हा अर्धीपासून, म्हणाल्या.
मी भांडले हो.
छाट काढलेल्या विड्यांचे पैसे देत नाहीत,
चेकर कट्टा उचलतो, फोडतो, टाकतो,
ते मला माहीत आहे.
पण दिवसांची पण छाट?
एवढे सगळे गोल?
बाई गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, हो.
शरीर विसरलंय, त्याला पहिल्यापासून सांगायला लागेल.

घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.
हे म्हणाले, काय म्हणाली? मी म्हटलं, अर्धी.
हे काही बोलले नाहीत,
कात्री शोधून दिली.

आता गोळी शिरीषाच कापते.
काल दोन तुकडे सारखे पडले नाहीत.
तिनं दिव्याखाली दोन्ही बघितले, विडी बघावी तसे,
म्हणाली, आज लहान घेते,
उद्या मोठा.