झाकली मूठ

ईस्ट किलब्राइडमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
एकामागून एक सहा राउंडअबाउट ओलांडून
मी रोज चोरी करायला येते.
पगारी चोरी. गळ्यात ओळखपत्र, पुढे पेन्शनसुद्धा.

या वेळी टेबलावर तांदळाच्या कणीएवढी चिप.
इन्सुलिनच्या पंपात बसणार आहे,
कुणाच्या तरी पोटाशी, स्वेटरखाली.
तिच्या आत एक किल्ली आहे.
बाहेरून कुणी घातलेली नाही,
आतल्याच विजेच्या थरथरीतून जन्मली,
आणि ज्यांनी चिप घडवली
त्यांनीही तिचं तोंड पाहिलेलं नाही.

विचारलं तर चिप उत्तर देते.
दर वेळी नवा प्रश्न, दर वेळी नवा उखाणा,
फक्त नाव तेवढं गाळलेलं.
यमक बरोबर जुळतं,
विचारणाऱ्याला कळतं: हो, हीच ती.

मी उखाणा ऐकत नाही. धाप ऐकते.
प्रत्येक हिशेबाला चिप चिमूटभर वीज खाते,
एकाला जराशी जास्त, शून्याला जराशी कमी.
आई फोनवर "सगळं ठीक" म्हणते
तेव्हा "सगळं"च्या आधी जेवढी थांबते
तेवढाच फरक.
दहा लाख वेळा ऐकलं की फरक बोलायला लागतो.

ही मात्र मुद्दाम गोंगाट करते,
भांडी आपटत कुजबुजणाऱ्या जावांसारखी.

समोर लॅक्लन मकॅस्किल.
बाप पेझलीत कुलूपवाला होता.
तिजोरीवर मिनिटं लिहिलेली असतात, लॅक्लन सांगतो,
इतकी मिनिटं टिकेल, एवढंच.
"कायम" असं बाबा कुणालाच म्हणाले नाहीत.
ॲसिडच्या थेंबानं तो चिपचं झाकण विरघळवतो.
रक्तातली साखर उतरली की हात कापतो, मग थांबतो.

गुरुवारी बन खाण्याआधी
त्यानं स्वेटर वर करून पंपाचं बटण दाबलं.
जुनं मॉडेल.

जुन्याची किल्ली दोन वर्षांपूर्वी मीच काढली होती,
अकरा मिनिटांत.
सगळ्या पंपांना एकच, साध्या मेमरीत,
पायपुसण्याखाली ठेवतात तशी.
त्यालाही माहीत आहे.
नवं पास होईपर्यंत तेच लावून हिंडतो
आणि अर्धा बन मला देतो.

त्या दिवसापासून मी जास्त निर्दय चोर झाले.
लेझर मारला, बर्फात गोठवली,
ऐन हिशेबात वीज तोडली,
रात्री सफाईवाली येऊन दिवे घालवेपर्यंत.
मला हरायचं होतं,
पण खोटं खोटं हरायचं नव्हतं.

मंगळवारी लॅक्लनच्या सुईनं जाळी तुटली,
केसाहून बारीक तारांची जाळी, त्यातली एकच तार.
पडद्यावरची रेघ दचकली
आणि सपाट झाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात.
ही उघडली तर आत हातच नाही.

"गेली," लॅक्लन म्हणाला,
शेजारच्या म्हातारीबद्दल म्हणावं तसं,
आणि केटल लावायला उठला.

अशा एकेचाळीस चिपा गेल्या.
अहवालात लिहिलं: किल्ली मिळाली नाही.
या नोकरीतलं माझं आवडतं वाक्य.
खाली आठवडे लिहिले, सात.
"कायम"साठी फॉर्ममध्ये रकाना नसतो.

पार्किंगमध्ये पाऊस आडवा येत होता.
गाडीशी पोचताना त्याचा पंप वाजला,
त्यानं जाकिटात हात घातला,
आणि मी, जिला त्याची किल्ली तोंडपाठ आहे,
एटीएमच्या रांगेत वळवतात तशी
मान वळवून
रिकाम्या राउंडअबाउटभोवती फिरणारी
एकुलती एक बस बघत राहिले.