खिडकी क्रमांक चार

मानपूरच्या घाटात टँकरनं मागून ढकललं
तेव्हा गाडी मी चालवत होतो.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.
मला भुवईवर तीन टाके.
शरयूला डाव्या कानाच्या वर, हाडाच्या आत,
डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली तेवढी जागा:
आठ आण्याचं नाणं झाकेल एवढी.

अडतिसाव्या दिवशी ती बोलली.
नर्स ओरडली, बोलीं, बोलीं, जल्दी आओ.
मी धावलो, एकाच पायात चप्पल.
माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली,
"आप लाइन में आइए."

सव्वीस वर्षं वीज मंडळाच्या हापिसात
खिडकी क्रमांक चार.
तिथली हिंदी शाबूत परत आली,
आप, जी, अगले महीने, सर्वर डाउन है.
घरातली मराठी आलीच नाही.
रामबागेतली, तिच्या आईकडून आलेली,
रागावल्यावर नाकात शिरायची ती,
भाजीवाल्याला कळू नये म्हणून
हळूच कानाशी यायची ती,
'जास्त सांगतोय, चला पुढं.'

थेरपीच्या बाई चित्रं दाखवतात.
चमचा. शरयू म्हणते, चम्मच.
व्हेरी गुड, म्हणतात बाई. त्या भोपाळच्या,
त्यांच्या दृष्टीनं उत्तर बरोबर आहे.
विळीचं चित्र त्यांच्या गठ्ठ्यात नाही.
मी स्वयंपाकघरातून खरी विळी आणून समोर ठेवली.
तिनं पात्यावरून बोट फिरवलं,
आडवं, जपून, फिरवायचं असतं तसंच,
आणि विचारलं, "ये किसका है?"

माझं तर नावच गेलं.
एकतीस वर्षं मी 'अहो' होतो.
दोन अक्षरं,
त्यांत चहा, किल्ल्या, ताप, भांडण, सगळं मावायचं.
हिंदीत 'अहो'ला काय म्हणतात?
ती म्हणते, "भाई साहब",
आणि मुलगा पुण्याहून व्हिडिओवर हसतो,
मग त्याचा कॅमेरा बंद होतो.

दाव्याच्या कागदावर अपंगत्व बेचाळीस टक्के.
ओझा वकील म्हणतात, पन्नासपर्यंत नेऊ.
यात मराठीचे किती धरलेत, मी विचारलं.
ते फाइल बंद करत म्हणाले,
बोलती तो हैं, कितना साफ बोलती हैं.
साफ बोलते. खरं आहे.
अडखळतो मीच.
जन्म इंदुरात गेला, शाळा हिंदीत, भांडणं हिंदीत,
पण बायकोशी हिंदीत बोलायचं म्हणजे
कुणाच्या तरी घरी बसल्यासारखं होतं,
पाणी मागावं की नाही कळत नाही.

काल रात्री लाइट गेले.
इन्व्हर्टर कधीच मेलाय.
ती पलंगावर उठून बसली,
पदर सारखा केला, कामावर बसायची तशी.
"कंज्यूमर नंबर बताइए."
मी ड्रॉवरमधून जुनं बिल काढलं
आणि मोबाइलच्या उजेडात, चष्म्याशिवाय,
एकेक आकडा वाचत गेलो.
सहावा चुकलो.
तिनं तिथंच अडवलं, "सात नहीं, नौ."
पुढचे सगळे तीच म्हणाली, न बघता.
मग बराच वेळ गप्प.
मग शेजारच्या खिडकीतल्या बाईला
खालच्या आवाजात सांगावं तसं,
"ये तो हमारा घर है."

हमारा.
त्या शब्दात मी आहे का,
विचारलं नाही.

पंखा फिरू लागला. तिनं हात पुढं केला,
"छुट्टे दीजिए."
मी शर्टाच्या खिशात चाचपलं.
पाचाचं एक नाणं होतं.