पिंगट

हेमराजने बाटली आणली ती वर्तमानपत्रात गुंडाळून,
चोपड्यात ज्याचं नाव गल्लीत घ्यायचं नसतं
ते सगळं असंच येतं.
आठवीत माझ्याच भूगोलात नापास झालेला पोरगा,
आता जहाजाच्या इंजिनखोलीत असतो.
"बाई, तुम्ही फळ्यावर काढायच्या ना ती नदी,
तिच्या काठची आहे."

बावीस वर्षं काढली मी ती, निळ्या खडूने.
दरवर्षी जरा वेगळी वळायची.
कोण बघायला जातंय.

तीन आठवडे बाटली
बिबड्यांच्या डब्यामागे उभी राहिली.

मग पौषातल्या एका शनिवारी
कुसुम फिरके आली, तिच्या पाठोपाठ सिंधू,
आणि गच्चीच्या दाराची बिजागरी बदलायला आलेला
पुंजू मिस्तरी. त्यालाही म्हटलं, बस.

"टॉनी कोण?" कुसुमने लेबल वाचलं.
माणूस नाही गं, रंग आहे. पिंगट.
लाकडात वर्षानुवर्षं निजली की
लाली उतरते आणि हे उरतं.
बल्बसमोर धरली:
गुऱ्हाळात कढईच्या काठाला
काकवीचा जो पातळ ओघळ सुकतो, तो.

आंबणं अर्ध्यावर असतानाच
वरून कडक दारू ओततात, म्हणून गोडी आत राहते,
एवढं मी वाचून ठेवलं होतं.
"म्हणजे लागत आलेलं विरजण मधेच मोडायचं,"
सिंधू म्हणाली, आणि तिला ते पटलेलं दिसलं नाही.

गॅदरिंगला मिळालेले सरबताचे पेले काढले.
आधी भरीत, कळण्याची भाकरी.
हिरव्या मिरचीवर तो घोट गेला
आणि चुलीत रॉकेल पडावं तशी
कुसुम उठून माठाकडे धावली.

मग मांडे. दुपारीच खापरावर टाकलेले,
पुरण गच्च, वर तूप.
इथे उलटंच झालं. पुरणापुढे
बिचारी आंबट पडली, पाहुणीसारखी गप्प.
मी मनातल्या मनात हेमराजला पुन्हा नापास केलं.

सिंधूनेच मग पिशवीतून पुडी काढली:
लासूरच्या बाजारातली गोडंबी.
बिबा फोडताना अंगावर उततो, माणूस सुजतो,
आणि आत हा एवढासा मुका पांढरा गर.
तुपावर परतली, चिमूटभर मीठ.
आणि मांड्याची ती कड,
खापराला लागून करपलेली, जी आपण एरवी
ताटाच्या कडेला सारतो.

आता घोट.

कुणी काहीच बोललं नाही.
अक्रोड, उन्हात सुकलेलं केळं,
जळता जळता राहिलेला गूळ,
आणि शेवटी घशात एक ऊब,
थंडीत कुणी शाल टाकून निघून जावं तशी.
कुसुमने दुसरी कड शोधायला
उष्टी ताटं चाळली.

पुंजू मिस्तरी अजून वासावरच होता.
पेला नाकाशी, डोळे मिटलेले,
रंधा मारलेली फळी हुंगावी तसा.
"बाई, हाई लाकूड बोली ऱ्हायनं."
मग जरा थांबून,
"साग नही. साग इतलं गोड बोलत नही."
ओक, मी सांगितलं.
त्याने तो शब्द एकदा उच्चारून पाहिला.
"इतला वरीस पिपमा, नि कमी व्हयनं नही?"
होतं ना. दरवर्षी थोडं उडून जातं, थोडं मुरतं.
तो हसला, दोन दातांच्या फटीतून:
"मंग लाकूडबी पेस."

ते गेल्यावर दार लावलं.
नव्या बिजागरीचा आवाज नाही, तेच चुकल्यासारखं झालं.
बाटलीत दोन बोटं उरलेली. टेबलावर
पेल्याच्या बुडाचा एक चिकट गोल.
त्यातून बोट ओढत मी नदी काढली,
डोंगरातून पश्चिमेला, समुद्रापर्यंत.
आमची तापीही तिकडेच जाते.
एक वळण परत चुकलं.

सकाळी पाहिलं तर मुंग्या
काठाकाठाने समुद्राकडे निघालेल्या.