नमुना

होडी वरून सुटते तेव्हा सगळे एकाच भाषेत ओरडतात.
पाण्यावर आदळायच्या आत
खांबावरचा कॅमेरा लखकन डोळा मारतो,
आणि मग जिन्याने, निथळत,
बुटांतून पचपच आवाज करत
माणसं माझ्या खोलीत येतात
भिंतीवरच्या पडद्यांत स्वतःला शोधायला.

मी येसेनिया. ऑर्लँडोच्या उन्हात अकरा वर्षं
या गारठलेल्या काउंटरमागे.
शिकवलेलं वाक्य असं :
आठवणींचं मोल होत नाही.
ते म्हणून झालं की मोल सांगायचं.
एक फोटो चाळीस डॉलर,
दिवसभराचे सगळे एकशे सत्तर,
पुठ्ठ्याची चौकट फुकट.

पैसे भरेपर्यंत प्रत्येकाच्या छातीवरून तिरका
करड्या अक्षरांचा शिक्का असतो : नमुना.
खोटं नाही ते.
डोळे गच्च मिटलेला पहिलवान,
कवळी हाताने धरून ठेवलेले आजोबा,
आणि ती मागच्या बाकावरची,
हसते आहे की रडते आहे
हे तिच्या नवऱ्यालाही ठरवता आलं नाही.

आज दुपारी चौघं आली.
तिघं भिजलेली, एक कोरडी.
कोरडीच्या टी-शर्टवर
डेटनच्या कुठल्याशा शाळेच्या बसचालकांचं चिन्ह,
कमरेला डॉक्टरी पट्टा,
खांद्यांवर चार पिशव्या, गळ्यात सगळ्यांचे चष्मे,
हातात कुणीतरी अर्धा टाकलेला कॉर्नडॉग.
'लोरीन, माझं तोंड बघ!' नवरा म्हणाला,
आणि स्वतःच आधी हसला.

धाकटा म्हणाला, घेऊ या ना.
थोरली म्हणाली, मी कसली घाण दिसतेय, मुळीच नको.
नवरा ओलं पाकीट नुसतं चाचपत राहिला.
लोरीनचे ओठ हलत होते.
तो हिशेब मला पाठ आहे :
चाळीस म्हणजे उद्या दोघांचं जेवण,
चाळीस म्हणजे परतीच्या वाटेवरचं अर्धी टाकी पेट्रोल,
आणि फोटो म्हणजे काय, तर कपाटावरचा पुठ्ठा.

मी काय सांगणार?
पोन्सेला आमच्या आईचा अल्बम वादळात भिजला.
पानं एकमेकांना चिकटली. सोलून काढताना
मामाचा चेहरा मावशीच्या लग्नाच्या केकवर उतरला.
मामा त्या लग्नाला गेलाच नव्हता, रुसून बसला होता.
आई म्हणाली, असू दे,
आला बाई शेवटी.

पाटी आहे : पडद्याचे फोटो काढू नयेत.
मी पाहिलं तर मला टोकावं लागतं.
म्हणून लोरीनचा हात फोनकडे गेला तशी
मी खाली वाकले
आणि न पडलेलं पेन शोधू लागले.

खालून, तिरकी, काच दिसते.
छतावरच्या दिव्याने तिला अलगद उचलून
होडीत ठेवलं होतं.
ओरडणाऱ्या तिघांच्या मधोमध
फिकट, पण पुरती,
चार पिशव्या, गळ्यात चष्म्यांचा झुबका,
सगळ्या होडीत एकटीच शांत,
आणि छातीवरून तिरका
तिलाही शिक्का.

फोनमध्ये बघून ती चुकचुकली.
'काच चमकली. मीच आलेय मधे. परत काढू?'
'राहू दे, परेड चुकेल,' नवरा म्हणाला.
अंगठा पडद्यावर घुटमळत होता,
पुसावा की नाही.

मी पेन सापडल्यासारखी उभी राहिले.
पुसू नकोस, एवढंच म्हणायचं होतं.
पण अकरा वर्षांची जीभ,
तिच्यातून निघालं ते पाठ केलेलंच :
आठवणींचं मोल होत नाही, मॅडम.

तिला वाटलं, टोमणा मारते आहे.
कानापर्यंत लाल झाली,
फोन खिशात कोंबला, तसाच,
आणि पोरांना पुढे ढकलत निघून गेली.

कॉर्नडॉग मात्र माझ्या काउंटरवर राहिला.
तेवढ्यात जिन्यावर पुन्हा
पचपच.